तिखाडी

सियागंजातून आलेली बाटली
आठ दिवस माझ्या टेबलावर उभी होती.
चिठ्ठीवर पोरवाल शेठचं अक्षर:
गेंदालाल. भेसळीचा शक.
खाली दोन रेघा, पेन कागदात रुतलेलं.

मशीनला अख्खा थेंबही लागत नाही.
थेंबाचा कण सुईतून आत जातो, तापतो,
केसाएवढ्या नळीतून लांब पळतो
आणि जो तो आपापल्या वेळी बाहेर पडतो,
शाळा सुटल्यावर पोरं फाटकातून निघतात तसा,
कुणी धावत, कुणी बूट घासत.
प्रत्येकाचं कागदावर एक टोक.
जिरॅनिऑल उशिराच येतं.
तिखाडीच्या तेलात गुलाबाचा वास
तेच एकटं सांभाळतं,
म्हणून करारात लिहिलेलं: पंचाहत्तरच्या वर.

गेंदालालचं अडतीस.
बाकी सगळी अनोळखी टोकं,
लग्नात नवऱ्यामुलाकडून आलेली माणसं जशी.

सुई बदलली. तीनदा चालवलं. अडतीस.
रिपोर्टात रकाने दोनच:
शुद्ध. भेसळ.

रविवारी स्कूटी काढली, महू ओलांडलं.
जानापावच्या उतरणीला तो उभा होता,
खांद्यावर टॉवेल, हातात विळा.
भट्टी दाखवली: तांब्याचा हंडा,
चिखलानं लिंपलेलं झाकण,
बांबूची नळी नाल्यातल्या घागरीत उतरलेली.
म्हणाला, मिलावट करायलाही पैसा लागतो, ताई.
पुढे बराच वेळ काही म्हणाला नाही.

वर, खडकाळ उतारावर,
कार्तिकाच्या उन्हात तांबूस तुरे,
एक इथे, एक तिथे,
एकमेकांशी भांडल्यासारखे लांब लांब.
खाली नाल्याकाठी तीच तिखाडी, दाट.
तेच पान, देठाला तसंच मिठी मारून बसलेलं.
तोच तुरा. मी भिंग लावून पाहिलं.
मग चुरगाळलं.
वरचं: गुलकंदाचा डबा उघडावा तसं.
खालचं: आलं ठेचून चहात टाकतानाचं.

त्याची आई रेवलीबाई शेण सावडत होती.
न उठताच म्हणाली,
वरची मोतिया, खालची सोफिया, एवढं तर
बकरीलासुद्धा कळतं.
मग वरची का नाही कापली?
तिनं हनुवटीनं दाखवलं:
उताराला या वर्षी नवी तार,
तारेवर पाटी, पाटीवर मनाई.

मागच्या दिवाळीला साताऱ्याची जाऊ आली होती.
मी म्हटलं, पाहुणे चालले गेले,
तर तिला हसू आवरेना:
तुम्हा इंदूरवाल्यांची मराठी म्हणजे भेसळच की!
मीही हसले होते, शेवेची ताटली पुढे केली होती.
हे आत्ताच का आठवावं,
दोन्ही हातांत एकेक काडी धरून उभी असताना?
माझ्या पणजोबांपासून आमच्याकडे
पाहुणे चाललेच जातात.
कुणी ओतलं नव्हतं काही वरून.
नाल्याकाठी उगवलो, बस.

सोमवारी पट्टी घेऊन रिपोर्टावर
तिसरा रकाना आखला.
त्यात लिहिलं: सोफिया. शुद्ध.
सही केली, तारीख घातली,
सही जरा वाकडीच आली.

शेठचा फोन: हे काय नवीन काढलं, मॅडम?
अत्तरवाला हे घेणार नाही.
मी म्हटलं, नका देऊ अत्तरवाल्याला.
साबणवाला घेईल.
भाव त्यानं पाडलाच, निम्म्याच्या थोडा वर थांबला.
पण चिठ्ठीवरचा तो शब्द
खोडून बाटली परत पाठवली,
आणि खोडतानाही पेन तसंच रुतवलेलं.

डिकीत दोन्ही जुड्या तशाच राहिल्या,
रेनकोटच्या घडीत, एकीवर एक.
काल पोरगा विचारत होता, आई,
याला कसला गं वास येऊन राहिला?
मी हुंगलं. पुन्हा हुंगलं.
खरं सांगायचं तर
मशीनलाच विचारावं लागेल.